दोऱ्याचं प्यादं

बुद्धिबळ येतं का, असं कोणी विचारलं की मी नाही म्हणतो. धडधडीत खोटं बोलतो. येतं, आणि बऱ्यापैकी येतं. पण ज्या माणसाच्या घरी मी ते खेळलो त्याच्यानंतर पटासमोर बसायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं. घरातले म्हणतात, म्हाताऱ्याचा चक्रमपणा, दुसरं काय. म्हणू देत. खरा चक्रम कसा असतो हे त्यांनी पाहिलंच नाही.

अंजनगाव सुर्जीहून मी अकोल्यास शाळामास्तर म्हणून आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि सगळ्या तेवीस वर्षांच्या मास्तरांसारखा अतिशहाणा होतो. खोली मिळत नव्हती. कोणीतरी सांगितलं, कचेरीपुढच्या कडुनिंबाखाली एक अर्जनवीस बसतात, लोकांचे अर्ज लिहून देतात, त्यांच्या माडीवर खोली रिकामी आहे. पण ते कोणाला देत नाहीत. भाडेकरूची परीक्षा घेतात. गेलो. काळी टोपी घातलेला एक उंच, वाळका माणूस मांडीवर फळी घेऊन लिहीत होता. मान वर न करता त्यांनी विचारलं, "बुद्धिबळ येते?"

"थोडंसं येतं."

"थोडंसं म्हंजे कसं? हरता येते का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? म्हटलं, "हो, हरता येतं."

"मंग या सामान घेऊन. चांगलं खेळनारा मले घरात नको. रोजची कटकट."

असा मी त्यांच्या माडीवर राहायला गेलो. मी त्यांना काका म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकू. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून मास्तर म्हटलं आणि अहोजाहो केलं. काकूंना मूलबाळ नव्हतं, तोंड मात्र होतं. काकांच्या डोक्यावरची टोपी कधी उतरत नसे, तिच्याविषयी त्या म्हणायच्या, "आमच्या लग्नात बाशिंग टोपीवरून बांधलं होतं. डोस्कं कसं आहे ते मले अजून मालूम नाही." काका ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्यांचं म्हणणं, टोपी ही माणसानं बरोबरीच्या माणसासमोर काढावी, आणि तो भेटेपर्यंत राहू द्यावी डोक्यावर. आता सांगा, या माणसाला गर्विष्ठ म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? मी तर म्हणायचो, मनातल्या मनात.

अर्जाच्या बाबतीतही त्यांचं एक तत्त्व होतं. "अर्जात खरं लिहू नये मास्तर, सोपं लिहावं. खरं साहेबाले समजत नाही." एकदा मी त्यांच्याजवळ कडुनिंबाखाली बसलो होतो. खेड्यातून एक बाई आली. दिरानं तिची विहिरीची वाट काट्या घालून बंद केली होती. ती तासभर बोलली. दिराच्या सात पिढ्या झाल्या, स्वतःचं रडून झालं, मधे दोनदा कडुनिंबाची शपथ झाली. काका फळी बाजूला ठेवून, हनुवटी गुडघ्यावर टेकून सगळं ऐकत होते. मग त्यांनी चार ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. बाई म्हणाली, "एवढंच? मी एवढी रडली, ते कुठं गेलं याच्यात?"

काका म्हणाले, "माय, रडनं मी ऐकलं ना? साहेबाले वाट पाहिजे. वाट लिहिली."

तिला वाट मिळाली. भादव्यात ती एक पोतंभर काकड्या घेऊन आली आणि काकूंनी आठ दिवस आम्हाला काकडीशिवाय काही दिलं नाही.

आता बुद्धिबळाचं सांगतो. पहिल्या रात्रीचं जेवण झालं, दुसऱ्या दिवशी रविवार होता, सकाळीच पट मांडला गेला. मोहरे शिसवीचे, हाताळून गुळगुळीत झालेले. काकांनी कानामागून एक लाल दोरा काढला, कचेरीचे कागद बांधतात तसला, आणि विचारलं, "बोला मास्तर, कोनत्या प्याद्याले बांधू?"

मला कळेना. त्यांनी समजावलं. "हे असं असते. ज्या प्याद्याले दोरा, त्याच प्याद्यानं मी तुमच्या राजाले मात देईन. हत्तीनं दिली, वजिरानं दिली, तर मी हरलो. ते प्यादं तुमी मारलं तरी मी हरलो. बाकी पट पुरा आहे, कोनाचा एक मोहरा कमी नाही. बोला."

म्हणजे आधी सांगून मारणार! मी म्हटलं, बघतोच. माझ्या राजापासून सगळ्यांत लांबचं, पार कडेचं प्यादं दाखवलं. पाऊण तासानं त्याच प्याद्यानं माझ्या राजाला कोपऱ्यात धरून मात दिली. लाल दोरा गळ्यात घालून ते प्यादं माझ्यासमोर असं उभं होतं की मला ते उचलून अंगणात फेकावंसं वाटलं. दोन वर्षं मी त्यांच्याशी खेळलो. एकदाही जिंकलो नाही. मीच कशाला, अकोल्यात जे कोणी पटावर बसणारे होते, वकील, वैद्य, पोस्टातले बाबू, त्या सगळ्यांशी ते दोरा बांधूनच खेळत. समोरच्यानं प्यादं निवडलं नाही तर स्वतः घोड्यापुढचं प्यादं घ्यायचे. त्याच्या मानेला दोऱ्याचा वळ पडला होता.

मी एकदा चिडून म्हटलं, "काका, एकदा बिनदोऱ्याचा डाव खेळून बघा की माझ्याशी. माणसाला जरा बरं वाटतं."

"बरं वाटाले खेळायचं असते काय? मास्तर, तुमी माझ्या बरोबरीचे नाही. आन् बरोबरीचा नसताना बरोबरीनं खेळनं म्हंजे लबाडी. तुमाले वाटनार आपन लढून राहिलो, आन् मी मनात हासून राहिलो. त्यापेक्षा दोरा बरा. दोरा खरं सांगते, मी एवढा वर आहे, तू एवढा खाली आहे. आता ये."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललो नाही. काकू जेवायला वाढताना म्हणाल्या, "तुमी रुसले तर उद्या हसाल मास्तर. एक जन रुसला तो सोळा वर्सं झाली, अजून हसला नाही." आणि तेव्हा मला बापूंविषयी कळलं.

बापू म्हणजे काकांचे धाकटे भाऊ. प्लेगात आईबाप एका आठवड्यात गेले तेव्हा बापू सात वर्षांचे होते. काका-काकूंनी त्यांना पोटच्या पोरासारखं वाढवलं. काकांनी त्यांना अक्षर ओळखू येण्याआधी मोहरे ओळखायला शिकवलं. आणि पहिल्या दिवसापासून दोरा. पोरगं मोठं झालं, नागपुरास शिकलं, वकिलीची परीक्षा पास झालं. त्या दिवशी घरी पंगत होती. जेवणं झाल्यावर बापूंनी सगळ्यांदेखत पट मांडला आणि म्हणाले, "दादा, आज बिना दोऱ्याचा."

काकू सांगत होत्या, "घरात पाहुने बसलेले. पोराचं तोंड असं आशेचं झालेलं. मी डोयानं खुनावलं, खेळा हो, आजच्या दिवस खेळा. नाही! म्हनतात कसे, परीक्षा पास झाला तर खेळ येते काय? दोरा काढला, बांधला, आन् त्याच प्याद्यानं पोराले मात देली. पोरगं उठलं. मले नमस्कार केला. अमरावतीले गेलं ते गेलं. दिवाळीले मले पत्र येते. याईले नाही."

"मग काकांनी लिहिलं नाही?"

"लिहितात ना! सगळ्या जिल्ह्याचं लिहितात."

एवढं बोलून काकू आत गेल्या. कितीतरी वेळ भांड्यांचा आवाज येत होता.

माझ्या तिसऱ्या वर्षी श्रावणात अमरावतीहून एक छापील कागद आला. तिथल्या कुठल्याशा क्लबानं वऱ्हाडातल्या खेळाडूंचे सामने ठरवले होते. खाली नावं होती. काकांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि फळीखाली ठेवून दिला. काकूंनी तो माझ्याकडून वाचून घेतला. नावांत बापूंचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी एक वळकटी दारात आणून ठेवली. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "मास्तर, तुमी येता काय? तुमाले शनिवारी अर्धीच शाळा असते."

मी एका पायावर तयार. त्या सुमारास मी एका इंग्रजी पुस्तकातून चाली टिपून ठेवायला शिकलो होतो आणि एक वही करून कोणाचाही डाव टिपत हिंडत होतो. ती वही घेतली. देवा, ती घरी राहिली असती तर!

अकोल्याहून निघालो, मूर्तिजापूर गेलं, बडनेऱ्याला गाडी बदलली.  तिथं काकांनी कानामागचा लाल दोरा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ठेवा तुमच्यापाशी. तिथं चालत नाही." ते खरं होतं. सामन्यांत कोणी कोणाला सवलत द्यायची नाही, पट बरोबरीचा, असा नियमच छापला होता.

पोचल्यावर काकांनी नाव घातलं आणि पहिल्या दोन फेऱ्या चहा निवण्याआत संपवल्या. तिसऱ्या फेरीच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि समोर बापू आले. लठ्ठ झालेले, डोळे पिवळट, अंगात काळा कोट. दोन भाऊ सोळा वर्षांनी समोरासमोर. बापू वाकून पाया पडले आणि म्हणाले, "दादा, ओळखलंस?"

"पोट वाढलं तुझं."

"वकिली वाढली, पोट वाढलं." बापू हसले. मग जरा हळू म्हणाले, "मी नाव कशासाठी घातलं माहीत आहे? मला कोणी बक्षीस देणार नाही, मी तेवढा खेळत नाही. पण बिनदोऱ्याचा डाव तुझ्याकडून मिळायचा तर तो इथंच मिळणार होता. नियमच आहे."

काका पटासमोर बसले. त्यांनी टोपी काढली. मी चाटच पडलो. कपाळावर टोपीची रेघ, खाली काळा रंग आणि वर गोरापान टक्कल. टोपी त्यांनी गुडघ्याशी ठेवली. बापू त्या टोपीकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी बघितलं. एवढ्याशा गोष्टीसाठी सोळा वर्षं, असं वाटून मलाही भरून आलं.

डाव दोन तास चालला. बापू जीव तोडून खेळले. एकदा तर त्यांनी काकांचा उंट असा कोंडला की लोकांनी वा वा केली आणि काकाही म्हणाले, "बापू, चांगलं." त्या एका शब्दानं बापूंचे कान लाल झाले, चाळिशीच्या माणसाचे. पण जोर कमी तो कमीच. हळूहळू काका चढले. माझी पेन्सिल चालू होती. एका वेळी मला स्वच्छ दिसलं, काकांनी हत्ती उचलून पार शेवटच्या घरात ठेवला की खेळ खलास. एका चालीत मात. बापूंना काही करता येणार नव्हतं.  काकांनी घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढं सरकवलं. आणखी तीन चालींनी त्याच प्याद्यानं मात झाली.

बापू हरले आणि इतके खूश झाले की जिंकलेल्या माणसानंही होऊ नये. त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले. "दादा, हरलो! पण आज तू माझ्याशी खेळलास. आज पहिल्यांदा खेळलास." सगळ्यांसाठी सरबत मागवलं. "आता घरी चल. जेवायला चल. हिला सांगितलंय मी, पुरण घालून ठेव." काका हो म्हणाले. हसतही होते. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

आणि मी, गाढवानं, शहाणपण पाजळलं. वही नाचवत म्हटलं, "काका, पण हत्तीनं तर आधीच मात होती! तीन चालींपूर्वी. हे बघा, मी टिपलंय."

लोक जमले. बापू म्हणाले, "कुठं? दाखवा." त्यांनी माझ्या वहीवरून डाव पुन्हा मांडला, हत्ती उचलला, शेवटच्या घरात ठेवला. बघितलं. परत जागेवर ठेवला. परत उचलून ठेवला. मग त्यांचं तोंड असं उतरलं की मला जीभ तोडून टाकावीशी वाटली.

"प्याद्यासाठी सोडलीस ना, दादा? हत्तीची मात सोडलीस. दोरा मास्तरांच्या खिशात ठेवलास आणि मनात बांधून बसलास. टोपी कशाला काढली होतीस मग?"

काका पटाकडे बघत होते. "बापू," एवढंच म्हणाले. पण बापू कोटाची बटणं लावत निघून गेले. सरबताचे पेले आले आणि कोणीतरी ते पिऊन टाकले असतील. काका पुढच्या फेरीला बसलेच नाहीत.

परतीच्या गाडीत त्यांनी विचारलं, "मास्तर, कुठं होती ती मात?" मी वही काढून दाखवली. ते बराच वेळ बघत होते. म्हणाले, "मले नाही दिसली."

मला ते पटलं नाही. खरं सांगतो, नाही पटलं. पाच चालींपुढचं बघणारा माणूस, त्याला समोरची दिसत नाही? मी वरवर हो हो केलं. पण घरी आल्यावर रोज सकाळी ते तोच डाव मांडायचे, त्या चालीपर्यंत आणायचे आणि हत्तीवर बोट ठेवून बसायचे. अर्ज लिहायला जायला उशीर व्हायचा. एक दिवस मला म्हणाले, "तीस वर्सं मी एका प्याद्याकडे पाहून राहिलो मास्तर. दुसऱ्या मोहऱ्यानंही मात होते, हे डोळे इसरूनच गेले. मले वाटे मी लोकाईले दोरा बांधून राहिलो." आणि ते रडले नाहीत, काही नाही, नुसते हत्तीला फडक्यानं पुसत राहिले. त्या दिवशी मला पटलं.

मी म्हटलं, "मग हे बापूंना लिहा ना. चार ओळी लिहा. तुमच्यासारखा लिहिणारा आहे कोण?"

त्यांनी लिहायला घेतलं. महिना गेला. जिल्ह्याचे अर्ज लिहिणारा माणूस आपल्या भावाला पत्र लिहीत होता आणि फाडत होता. काकू केर काढताना तुकडे गोळा करायच्या आणि मला दाखवायच्या. दसऱ्याच्या तोंडावर बातमी आली, बापूंना जलोदर झाला आहे, पोटात पाणी भरतंय, अंथरुणाला खिळलेत. त्या दिवशी काकांनी एकच ओळ लिहिली आणि कागद घडी करून माझ्या हातात दिला. "तुमी सुटीत घरी जानार. तिकडून जा."

मूर्तिजापूरला अंजनगावची गाडी धरायची ती न धरता मी तसाच पुढं अमरावतीला गेलो. बापू उशांना टेकून बसले होते. हातपाय काटक्यांसारखे आणि पोट तेवढं मोठं. त्यांनी कागद उघडला. आत लिहिलं होतं, "बापू, मला ती मात दिसली नाही. दादा."

बापू हसले. हसता हसता धाप लागली. "मास्तर, तुम्ही माझ्या भावाला ओळखत नाही. दादाला दिसली नाही? माझ्या दादाला? असं दुसरं कोणी म्हणालं असतं तर मी त्याच्यावर फिर्याद ठोकली असती. मी आजारी पडलो म्हणून माझी समजूत घालतोय. त्याला सांगा, निदान आता तरी खोटं बोलू नको."

मी शपथा घेतल्या. काका रोज सकाळी काय करतात ते सांगितलं. बापूंनी मान हलवली ती हलवलीच. त्यांचं एक मन चिडलेलं होतं आणि दुसरं मन, मला साफ दिसत होतं, दादाच्या अभिमानानं फुगलेलं होतं.

घरी न जाता मी अकोल्याला परतलो. काका दारातच उभे होते. "काय म्हनला?"

मी वाटेत ठरवून आलो होतो. म्हटलं, "पटलं त्यांना. म्हणाले, दिसली नसेल दादाला, होतं असं."

काका खूश होतील असं मला वाटलं होतं. ते एकदम पांढरे पडले. "असं म्हनला? बापू असं म्हनला, की दादाले दिसली नसंल?"

"हो."

"मंग तो लय बिमार आहे," काका म्हणाले, आणि आत जाऊन वळकटी घेऊन आले.

मिळेल त्या गाडीनं आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी बापूंच्या खोलीत शिरलो. दाराशी त्यांच्या पत्नी उभ्या होत्या, मी त्यांच्या मागं. काका खाटेवर बसले. बापूंनी त्यांचा हात धरला. वकिली मराठी गेली होती. लहानपणचं बोलणं वर आलं होतं.

"दादा, तुही चिठ्ठी आली."

"हो."

"खोटी आहे नं ते?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय लबाडी केली होती ती त्यांना तिथं कळली. मी मान खाली घातली.

बापू म्हणाले, "तू मले दोरा बांधे, त्याचा राग मले जलमभर पुरला. त्या रागावर मी वकील झालो, घर बांधलं. ते मी सोसलं. पन तुले दिसलं नाही, हे मले नाही सोसत दादा. मी ज्याच्याकडून हरलो तो साधाच मानूस होता, त्याची नजर गेली, असं आयकून मी काहून मरू? खरं सांग. दिसली होती नं?"

काकांनी टोपी काढली. ती मांडीवर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला. महिनाभर जे लिहायला जमत नव्हतं ते एका ओळीत लिहून झालं होतं, आणि आता तेच पुसायचं होतं.

"दिसली होती रे," ते म्हणाले.

"आन् मुद्दाम नाही देली?"

"नाही देली. मनात दोरा होता."

बापूंचा चेहरा असा मोकळा झाला, मी काय सांगू! "पाहा मास्तर! मी म्हनलं नव्हतं? दादाले दिसत नाही असं होतच नाही." मग डोळे मिटून म्हणाले, "पुढच्या खेपेले बिना दोऱ्याचा."

"हो. बिना दोऱ्याचा."

दाराशी उभ्या असलेल्या बापूंच्या पत्नीनं हे सगळं ऐकलं. त्यांनी काकांकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी विसरलो नाही. चौथ्या दिवशी बापू गेले. तोपर्यंत काका त्यांच्या खाटेपासून हलले नाहीत, पण त्या बाईंनी त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतःच्या हातानं दिला नाही.

परत येताना मूर्तिजापूरला गाडी थांबून होती. काका फलाटावर उतरले, नळावर तोंड धुतलं, आणि ओल्या तोंडानंच मला म्हणाले, "मास्तर, मले नव्हती दिसली."

"मला माहीत आहे काका."

"तुमी खोटं काहून सांगतलं, ते मी नाही विचारत. पन आता ऐका. हे कोनाले सांगायचं नाही. तुमच्या काकूलेही नाही. ती बापूची माय आहे, तिच्या पोटात राहनार नाही, ती अमरावतीले कळवून टाकील. मंग सगळे म्हनतील, बापू फसून मेला. त्यापेक्षा मले नावं ठेवलेली बरी. फक्त एका मानसाले खरं मालूम पाहिजे म्हनून तुमाले सांगून ठेवलं."

झालं तसंच. अमरावतीहून बाईंचं काकूंना पत्र आलं. काकूंनी ते शेजारी वाचून घेतलं. अकोल्यात बोभाटा झाला, सख्ख्या भावाला मरणाच्या अंथरुणावरसुद्धा डिवचलं म्हणे या माणसानं. कडुनिंबाखाली गर्दी कमी झाली. दोरा पुन्हा कानामागं दिसला नाही, पट माळ्यावर गेला. काका त्यानंतर सात वर्षं जगले. काकू त्यांना वेळेवर जेवायला वाढत, आजारपणात पाय चेपत, पण पूर्वीचं ते टोचून बोलणं, टोपीवरून थट्टा करणं, सगळं बंद झालं. घरात इतकं शांत असायचं की मला अभ्यासाच्या वह्या तपासवत नसत. मी लग्न करून दुसरीकडे बिऱ्हाड केलं.

काका गेल्यावर तेराव्याला काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "मास्तर, तुमी होते तिथं. तुमी खोटं बोलनार नाही. त्याईले खरंच दिसली होती काय हो ती मात?"

 त्या बाईचं तोंड बघून सांगून टाकावं असं फार वाटलं. पण मूर्तिजापूरच्या फलाटावर शब्द दिला होता. म्हटलं, "हो काकू. दिसली होती."

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या चुलीकडे वळल्या.

आता काकूही गेल्या. बापूंच्या पत्नीही गेल्या. कोणाच्या पोटात राहायचं आणि कोणाच्या नाही, हा प्रश्नच उरला नाही. काका म्हणायचे, अर्जात खरं लिहू नये, सोपं लिहावं. मी कोणाकडे अर्ज करतोय ते मला माहीत नाही, पण या वेळी खरंही तेवढंच आहे आणि सोपंही तेवढंच आहे. त्यांना ती मात दिसली नव्हती.